पद्मिनीचे इंजिन: बोअर करावे की स्लीव्ह बसवावी?

कोथरूडच्या एका स्नेह्यांनी आपल्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन घरच्या पार्किंगमध्येच उघडले आहे, आणि सिलिंडरच्या वरच्या काठाखाली नख अडकेल एवढी कड तयार झालेली पाहून ते आता बोअर करावे (झिजलेला सिलिंडर आतून कापून थोडा रुंद करावा) की स्लीव्ह बसवावी (आत धातूची नवी नळी घालावी), या विवंचनेत आहेत. दोन्ही कामे मशीन शॉपचीच. घरी उरते ते मोजमाप आणि जुळणी.

खर्चात बोअर स्वस्त पडतो. स्लीव्हसाठी ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग, आधी जास्त कापावा लागतो, स्लीव्ह दाबून बसवावी लागते आणि मग तिलाही मापात आणून होनिंग (आतून बारीक घासकाम) करावे लागते. बोअरला मात्र ओव्हरसाइझ, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठे, पिस्टन हवेत, आणि सिलिंडर पिस्टनच्या मापाने कापायचा असल्याने, सुट्या भागांसाठी नाना पेठेत चार फेऱ्या माराव्या लागल्या तरी चालेल, पण पूर्ण संच हाती आल्याशिवाय ब्लॉक देऊ नये.

६८ मिमीचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६९ झाला, तर १०८९ सीसीचे सुमारे ११२२ होतात. एवढ्याने गाडी पळू लागते, ही निव्वळ बढाई आहे.

टिकाऊपणात चांगली बसवलेली स्लीव्ह कमी नाही, पण सैल बसली तर ती सरकते, आणि मग सगळे इंजिन पुन्हा उघडावे लागते.

ब्लॉक पहिल्यांदाच कापला जात असेल, तर बोअरच करावा. आधीच ओव्हरसाइझच्या शेवटच्या मापापर्यंत गेलेल्या, खोल ओरखडा पडलेल्या किंवा मूळ मापाचेच पिस्टन हाताशी असलेल्या इंजिनाला स्लीव्ह योग्य.