शिसवीची म्हणून गळ्यात मारलेली काठवट

नाथषष्ठीला पैठणात शिसवीची म्हणून ९०० रुपयांना घेतलेली काठवट, म्हणजे पीठ मळायची लाकडी परात, वैशाखात दुरुस्तीला आली. उकळत्या पाण्यात ज्वारीचं पीठ मळलं, तर पहिल्याच दिवशी भाकरी तांबूस. पुढे काठाला बोटभर चीर. खरवडल्यावर आत आंब्याचं फिकट लाकूड निघालं, वर रंग आणि पॉलिश. चिरेत भुसा नि सरस (लाकूड चिकटवायची खळ) दाबून बसवलेला. गरम पाण्यानं सरस सुटतो आणि भुसा पिठात उतरतो.

आंब्याचं लाकूड वाईट नाही, भाकरीला चालतं. पण भाव शिसवीचा घेतला आणि लाकूडही ओलंच दिलं. ओल्या लाकडातलं पाणी आडव्या कापाच्या टोकांतून सगळ्यांत लवकर उडतं. म्हणून चीर तिथंच पडते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर लवकरच.

घेताना रुमाल ओला करून बुडाला जोरात घासा. रंग लागला की वस्तू खाली ठेवा. मग टोकाचा काप पाहा: शिसवीच्या काळपट रेघा लाकडातून आरपार गेलेल्या असतात, रंग वरच्यावर राहतो. पोळपाट सागाचा म्हणून देत असतील तर कापावर बारीक छिद्रांच्या वलयाकार ओळी दिसायला हव्यात; आंब्यात छिद्रं विखुरलेली असतात. चकचकीत मालापेक्षा कोरा माल मागा. तो नाहीच म्हणाले, तर का नाही ते ओळखा.

घेऊन बसलाच असाल, तर ८०, १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं रंग पार निघेपर्यंत घासा. ओल्या फडक्यानं पुसून दोन दिवस सावलीत उभी ठेवा. मग घाण्यावरचं खायचं जवसाचं तेल पातळ चोळा, अर्ध्या तासानं उरलेलं पुसून टाका; तीन-चार दिवसांच्या अंतरानं असे तीन हात. शेंगदाण्याचं तेल नको, ते सुकत नाही, खवट होतं. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवसाचं तेल तर मुळीच नको. लवकर सुकावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घालतात. चीर आरपार असेल तर काही भरत बसू नका, काठवट धान्य निवडायला ठेवा.

रोजचं काम सोपं: पीठ वाळायच्या आत खरवडायचं, झटकन धुवायचं, भिजत घालायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही. वास धरला तर मीठ आणि अर्धं लिंबू.

तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं, ढीग आपोआप पेटू शकतो. एकेक चिंधी मोकळी पसरून वाळवा.