चौथ्या शनिवारचे माहितीपट: पाच प्रयोगांनंतरचा अभिप्राय

दादर पश्चिमेला, स्थानकापासून दहा मिनिटांच्या अंतरावर असलेल्या एका जुन्या ग्रंथालयाच्या पहिल्या मजल्यावरील सभागृहात दर महिन्याच्या चौथ्या शनिवारी सायंकाळी सहा वाजता हवामानबदल आणि त्यावरील उपाय या विषयावरचे माहितीपट दाखवले जातात. सहा प्रयोगांची वर्गणी ९०० रुपये असून विद्यार्थ्यांसाठी ती निम्मी आहे. केवळ एखाद्याच प्रयोगाला यायचे असेल तर दारावर २०० रुपये भरावे लागतात. मी जानेवारीत वर्गणी भरली, एप्रिलचा प्रयोग घरच्या लग्नामुळे चुकवला आणि उरलेले पाचही पाहिले. चित्रपटांची निवड विचारपूर्वक केलेली आहे, त्यानंतरची चर्चा तर बरेचदा चित्रपटाहून सरस होते. प्रक्षेपणाविषयी मात्र तक्रार आहे आणि ती पुढे येईलच.

मालिकेची सुरुवात ‘चेसिंग आइस’ (२०१२) या जेफ ऑर्लोव्स्की यांच्या चित्रपटाने झाली. छायाचित्रकार जेम्स बॅलॉग यांनी २००७ पासून ग्रीनलंड, आइसलंड, अलास्का आणि मोंटाना येथील हिमनद्यांसमोर कॅमेरे रोवले व ठरावीक अंतराने घेतलेली छायाचित्रे जोडून बर्फ मागे हटताना दाखवले. हे कॅमेरे सुरुवातीला थंडीवाऱ्यात ऐनवेळी बंद पडत आणि महिन्यांची मेहनत वाया जाई, हा भाग दिग्दर्शकाने गाळलेला नाही, म्हणूनच पुढचा पुरावा पटतो. ग्रीनलंडमधील इलुलिसाट येथे हिमनदीचा प्रचंड भाग सुमारे ७५ मिनिटे कोसळत राहिल्याचे चित्रण पडद्यावर काही मिनिटांत आटोपते, तरी आपण नेमके काय पाहत आहोत याचे माप मनाला लागायला तेवढी मिनिटे अपुरीच पडतात. या चित्रपटात उपाय जवळजवळ नाहीत. आधी रोगाची खात्री करून घ्यावी आणि मग औषधाकडे वळावे, हा आयोजकांचा क्रम मला योग्य वाटला.

औषध फेब्रुवारीत आले आणि वादही तेव्हाच झाला. डेमन गॅमो यांच्या ‘२०४०’ (२०१९) या चित्रपटाची अट अशी आहे की आज अस्तित्वात असलेलेच उपाय दाखवायचे आणि ते सर्वत्र वापरले तर दिग्दर्शकाची लहान मुलगी मोठी होईल तेव्हाचे जग कसे असेल, याची कल्पना करायची. त्यातला बांगलादेशातील प्रसंग मला सर्वांत आवडला: घरोघरच्या लहान सौर संचांची तारांनी जोडणी केलेली असते आणि ज्याच्याकडे वीज उरते तो ती शेजाऱ्याला विकतो. चित्रपट संपल्यावर मागच्या रांगेतील एका गृहस्थांनी, जे आपल्या गृहनिर्माण संस्थेचे सचिव आहेत, विचारले की इमारत पाच वर्षांत पुनर्विकासाला जाणार असेल तर गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा खर्च सभासदांनी कशासाठी करावा, आणि मुळात गच्चीवर कोणाचा किती हक्क, यावरच एकमत होत नसेल तर वीज वाटण्याची गोष्ट कुठून सुरू करावी. उत्तर कोणापाशीच नव्हते. परंतु चित्रपटात नेमकी हीच गोष्ट हरवलेली आहे, हे त्या प्रश्नाने दाखवून दिले: उपाय सुंदर दिसतात, त्यांची वर्गणी कोण गोळा करतो हे दिसत नाही.

मार्चमधील ‘किस द ग्राउंड’ (२०२०) हा जमिनीचा कस वाढवून हवेतील कार्बन मातीत साठवण्याविषयीचा चित्रपट मला प्रचारपत्रकासारखा वाटला. वूडी हॅरेलसन यांचे निवेदन ऐकायला छान आहे, पण इतका उत्साह असला की शंका घ्यायला जागाच उरत नाही.

आता तक्रारीकडे वळतो. मे महिन्यात शौनक सेन यांचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ (२०२२) होता. दिल्लीतील वजिराबादच्या एका तळघरात दोन भाऊ मांज्याने कापलेल्या आणि दूषित हवेत कोसळलेल्या घारींवर उपचार करतात. सनडान्स महोत्सवातील जागतिक माहितीपट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक आणि कान चित्रपट महोत्सवातील माहितीपटाचा पुरस्कार, असे दोन्ही मान त्याला मिळाले. चित्रपटाचा मोठा भाग अंधारात आहे आणि तो अंधारच त्याची भाषा आहे. अशा वेळी सभागृहाच्या पश्चिमेकडील खिडकीचा पडदा चार बोटे अपुरा असावा आणि मे महिन्यातील सहा वाजताचे ऊन त्या फटीतून थेट पडद्यावर पडावे, हे अक्षम्य आहे. पहिला अर्धा तास घारी राखाडी डागांसारख्या दिसल्या. शेवटी एका आजींनी आपली शाल काढून दिली व दोन मुलांनी ती खिडकीवर अडकवली, तेव्हा कुठे तळघर तळघरासारखे दिसू लागले. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दीड तास बसणे हा स्वतंत्र विषय आहे.

जूनमधील ‘अगेन्स्ट द टाइड’ (२०२३) या सर्वनीक कौर यांच्या चित्रपटासाठी मात्र संपूर्ण वर्गणी वसूल झाली असे मी म्हणेन. आयोजकांनी तो मुद्दाम जूनमध्ये ठेवला होता, कारण पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात आणि माहीम-वरळीकडची कोळी मंडळी येऊ शकतात. ती आली, वीसेक जण तरी असतील. चित्रपट मुंबईतील दोन कोळी मित्रांचा आहे: राकेश वडिलांच्या पद्धतीने किनाऱ्याजवळ जाळे टाकतो, तर परदेशात शिकून आलेला गणेश मोठी बोट घेऊन खोल समुद्रात जातो आणि कर्जात रुतत जातो. समुद्र तापत आहे, किनाऱ्याजवळ मासा मिळेनासा झाला आहे, आणि अशा वेळी रात्री एलईडीचा प्रखर झोत पाण्यात सोडून मासळी एकवटायची हा मार्ग समोर उभा राहतो, जो केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंद केलेला आहे. राकेशच्या तान्ह्या बाळाच्या हृदयात दोष आहे, त्यामुळे तत्त्वाची किंमत म्हणजे काय, ते त्याच्या घरात रोज मोजले जाते. दोघांपैकी कोणालाही दिग्दर्शिका खलनायक करत नाही.

या प्रयोगात एक गंमत घडली. पडद्यावर इंग्रजी उपशीर्षक उमटण्याआधीच पुढच्या तीन रांगांतली कोळी मंडळी हसत होती, आणि मागे बसलेले आम्ही दोन क्षण उशिराने हसत होतो. चर्चेत माहीमच्या एका मावशी उठून म्हणाल्या, “पर्ससीनवाल्याला चोर म्हणणं सोपं आहे, पण त्याच्या बोटीवरच्या खलाशाला पगार कोण देणार ते पण सांगा.” (पर्ससीन म्हणजे माशांचा अख्खा थवा वेढणारे मोठे जाळे.) पाच महिन्यांत उपायांविषयी इतके नेमके वाक्य मी ऐकले नव्हते.

त्याच संध्याकाळी पालिकेतून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांनी वीस मिनिटे हिंदमाता या दादर-परळमधील, पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या सखल भागाविषयी सांगितले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या वेळी भरतीमुळे वाहिन्यांतून पाणी समुद्रात जाईना, त्याला त्यांनी “खालून बूच लागणे” असा शब्द वापरला. आणि दादरच्या प्रमोद महाजन कला उद्यानाखाली व परळच्या सेंट झेवियर मैदानाखाली बांधलेल्या टाक्यांत आता पावसाचे पाणी साठवून ओहोटीला सोडले जाते, हे खडूने फळ्यावर काढून दाखवले. दर आठवड्याला त्या उद्यानावरून जाणाऱ्या आमच्यापैकी निम्म्या लोकांना पायाखाली टाकी आहे हे ठाऊक नव्हते. पुढील मालिकेत अशा स्थानिक कामांवरचा माहितीपट मिळाला तर तो अवश्य लावावा.

आणखी एक विनंती आहे. सर्व उपशीर्षके इंग्रजीत असतात. प्रयोगाआधी वाटले जाणारे एक पानी मराठी टिपण चांगले असते, परंतु चित्रपट चालू असताना मान खाली घालून अंधारात ते वाचता येत नाही. ज्येष्ठ प्रेक्षकांसाठी मराठी उपशीर्षके करून घेण्याकरिता वर्गणी १०० रुपयांनी वाढवली तरी बहुतेकांची हरकत नसावी.

नवीन मालिकेची नोंदणी जुलैच्या पहिल्या आठवड्यात ग्रंथालयाच्या खिडकीवर, फक्त रोख रकमेने, सुरू होते. मी दोन नावे घालणार आहे, आणि सोबत एक गादी व खिडकीसाठी काळे कापड नेणार आहे.