निवासी की अपडाऊन? दवाखान्यातल्या कामाचं मोफत प्रशिक्षण निवडताना

वॉर्डातले मामा-मावशी म्हणजे कागदावरचे ‘जनरल ड्युटी असिस्टंट’, थोडक्यात जीडीए. हे काम शिकवणारं सरकारी प्रशिक्षण फुकट मिळतं हे आता खान्देशात बहुतेकांना माहीत आहे. योजना काय आहे हे कुणी विचारत नाही. विचारतात ते हे, की घरून रोज जाऊन-येऊन करायचं की तिकडे राहून. मी आधी अपडाऊन सुरू केलं, मग ते सोडून निवासी केलं. माझी चुलत वहिनी अपडाऊननेच पूर्ण करून आज धुळ्यात कामाला आहे. दोन्ही बाजू घरातच असल्याने लिहायला बसलो.

अपडाऊनचं म्हणजे प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतलं, आणि निवासी म्हणजे ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत चालणारं दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेचं, ज्यात राहणं, जेवण, गणवेश सगळं त्यांच्याकडे. उमेदवाराने दोन्हीकडे एक रुपया द्यायचा नसतो. नोंदणी फी, डिपॉझिट, ‘साहेबांचा खर्च’ असलं काही कानावर आलं की चप्पल घालून निघायचं. प्रमाणपत्राच्या फरकातही फार डोकं घालू नका. अभ्यासक्रम दोन्हीकडे आरोग्य क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने ठरवलेल्या कामांचाच असतो. मला तरी मुलाखतीत योजनेचं नाव कुणी विचारलं नाही. अंगाने भारी पेशंट एकट्याने कुशीवर कसा वळवशील, हे मात्र करून दाखवायला लावलं.

आता अपडाऊन मी का सोडलं ते सांगतो. कारण ऐकून हसाल, पण माझ्यासाठी तेच निर्णायक ठरलं. अंगठा!

हजेरी आधारला जोडलेल्या मशीनवर. मी शिंदखेडा तालुक्यातला, दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडे घरातले सगळे हात कपाशी वेचायला लागतात. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना लागून लागून चिरे पडतात, वरून थंडीने कातडी उलते. अशा बोटाला मशीन ओळखतच नाही. लाल दिवा, पुन्हा लाल दिवा. मागे रांग. मुलं म्हणायची, ‘भाऊ, दुसरं बोट लाव.’ दुसरंही तसंच. कधी तेल लाव, कधी गरम पाण्यात हात धर, कधी पँटला घासून पुसून लाव. लागला तर लागला. वर्गात बसून सगळं ऐकलं, डमीवर बीपी मोजून दाखवला, तरी मशीनच्या लेखी मी त्या दिवशी आलोच नव्हतो. आणि ठराविक हजेरी भरली नाही तर शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही.

हे एकवेळ निभावलं असतं, पण त्याला एसटी जोडली गेली. सकाळची गाडी वेळेवर आली तर पोहोचायचो, नाहीतर मशीनपुढची घाई. संध्याकाळी जाण्याचा अंगठा लावायचा तर गावाकडची गाडी गाठायची घाई. अंगठा एका फटक्यात लागला तर गाडी मिळायची. नाही लागला तर दोनपैकी एक निवडायचं, आजची हजेरी किंवा आजची गाडी. केंद्रातल्या मॅडम भल्या होत्या, वहीत नाव लिहून घ्यायच्या. पण वहीचं वर कुणी ऐकत नव्हतं. एका संध्याकाळी फाट्यावर उतरून अंधारात चालत घरी येताना ठरवलं की हे आपल्याच्याने व्हायचं नाही.

अंगठा निवासी केंद्रातही होताच. फरक एवढाच, की तिथे गाडी सुटत नव्हती. नाही लागला तर चहा पिऊन पुन्हा लावायचा, नाष्ट्यानंतर पुन्हा. आणि कपाशीपासून हात लांब राहिले तशी बोटंही हळूहळू भरून आली. अलीकडे काही ठिकाणी चेहऱ्यावरून हजेरी घेतात असं ऐकतो. तुमच्या केंद्रात ती सोय असेल तर माझा अर्धा आक्षेप आपोआप गळतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

उरलेला अर्धा आक्षेप वेळेचा आहे. वॉर्डाचं खरं काम सकाळी उजाडायच्या सुमाराला आणि रात्री चालतं. स्पंजिंग म्हणजे ओल्या कपड्याने अंग पुसणं, चादरी बदलणं, लघवीची पिशवी रिकामी करून माप लिहिणं, झोपून असलेल्या पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलून देणं. ही कूस रात्री चुकली की पाठीला जखम धरते. दहा ते पाचच्या वर्गात हे सांगता येतं, पण रात्री तीनला डोळे मिटत असताना करून घेता येत नाही. निवासी तुकडीत दवाखान्यातल्या सरावाच्या काळात आम्हाला रात्रपाळी मिळाली. वहिनीला मिळाली नाही, कारण रात्री परतणार कशी? नोकरीला लागल्यावर पहिल्या आठवड्यात तिला रात्रपाळी फार जड गेली, असं ती स्वतःच सांगते. अर्थात निवासी असूनही सराव नावापुरता देणारी केंद्रं असू शकतात, त्यामुळे सराव कोणत्या दवाखान्यात आणि पाळ्या कोणत्या, हे आधीच्या तुकडीतल्या कुणाला तरी फोन करून विचारलेलं बरं.

निवासीतही सुख आहे असं नाही. मी नाशिकला होतो. जेवणाला तिखट नाही, भाकरी तर नाहीच, आणि शेवभाजी म्हणून जे ताटात यायचं त्याबद्दल न बोललेलं बरं. फोनवर मायचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘तठे जेवाले काय देतस रे?’ एका खोलीत आम्ही भरपूर. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडची पावरा आदिवासी मुलं सोबत होती. त्यांना आखाजीपेक्षा (अक्षय्य तृतीयेपेक्षा) होळीला घरी जाता न आल्याचं वाईट वाटलं. सुट्टीचा नियम कडक असतो. घरी म्हातारं माणूस आजारी असेल, किंवा शेताची जबाबदारी एकट्यावर असेल, तर तीन-चार महिने हलता येत नाही, आणि मधेच सोडून आलेले मी पाहिले आहेत.

नोकरीचंही दोन्ही बाजूंनी बघावं लागतं. निवासी योजनेत शिकलेल्यांपैकी किमान 70 टक्के मुलं कामाला लावण्याचं बंधन केंद्रावर असतं, म्हणून ते मागे लागून मुलाखतीला नेतात. सुरुवातीचे काही महिने दरमहा हजार रुपये आधारही मिळतो. जिल्ह्यातच काम लागलं तर दोन महिने, राज्यात दुसरीकडे तीन, राज्याबाहेर सहा. पण हेच बंधन कधी अंगावरही येतं, कारण ‘हीच जागा आहे, घे’ असा लकडा लागतो आणि जागा बहुधा पुण्या-मुंबईची असते. पगाराचा आकडा मोठा वाटतो, खोलीभाडं दिलं की गावचाच होतो. मी पुण्यात काही काळ काढला आणि मग अनुभवाच्या दाखल्यावर धुळ्याला आलो. अपडाऊनच्या योजनेत नोकरीसाठी एवढं कुणी मागे लागत नाही, स्वतःच दवाखान्यांचे उंबरे झिजवावे लागतात. वहिनीने झिजवले आणि तिला घरापासून जवळ काम मिळालं.

तिच्यासाठी अपडाऊनच बरोबर होतं, यात मला शंका नाही. पोरगं लहान, सासू घरी सांभाळायला, महिलांना एसटीत अर्धं तिकीट. धुळे, जळगाव, नंदुरबार ही शहरं जवळ असतील तर तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं झाली आहेत, खासगी दवाखानेही भरपूर, म्हणजे सरावाला लांब जायला नको. शिवाय आपल्याच भागात, आपल्या अहिराणीत शिकण्याचा एक फायदा नाशिककडच्या पोरांना कळणार नाही. म्हातारी बाई ‘मनी कंबर दुखस’ म्हणते तेव्हा वहिनी तिथल्या तिथे उशी सरकवते. शहरात राहणाऱ्यांना तर पर्यायच नाही, निवासी योजना गावाकडच्या गरीब कुटुंबांसाठी आहे. बचत गटातलं घर, दारिद्र्यरेषेखालचं घर, रोजगार हमीवर गेलेलं घर. वय 15 ते 35, महिलांना 45 पर्यंत. अपडाऊनवाल्या योजनेत 45 पर्यंत सगळ्यांनाच चालतं. दवाखाने मात्र 18 पूर्ण झाल्याशिवाय कामावर घेत नाहीत, हे लक्षात ठेवून तुकडी निवडा.

दोन्हीपैकी काहीही केलं तरी तुम्ही नर्स होत नाही. इंजेक्शन देणं, सलाईन लावणं जीडीएचं काम नाही, कुणी प्रेमाने सांगितलं तरी हात लावायचा नाही. नर्स व्हायचं तर एएनएमची दोन वर्षं किंवा जीएनएमची तीन, आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. ‘सहा महिन्यांत नर्स’ असे फलक चौकाचौकात दिसतात, त्यांच्याबद्दल वेगळं काय सांगू.

तर अविवाहित असाल, गाव फाट्यापासून आत असेल आणि हात शेतातले असतील, तर मी निवासीकडे झुकेन. स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर केंद्र असलेल्याला माझं म्हणणं कदाचित पटणार नाही.

नाव घालण्याआधी आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे नव्याने देऊन ठेवा, ते वेचणी सुरू होण्याआधी द्या. केंद्राला गुणपत्रिकेची झेरॉक्स द्या, मूळ प्रत दाखवून परत घ्या. दवाखान्यात सरावाला जाण्याआधी हेपॅटायटिस-बीची लस कोण देणार हेही विचारा. तिचे तीन डोस असतात, दुसरा महिन्याने आणि तिसरा सहा महिन्यांनी, म्हणजे शेवटचा डोस बहुतेक प्रशिक्षण संपल्यावर तुम्हालाच आठवणीने घ्यावा लागेल.