काळा कातळ आणि गाळाचा दगड

पन्हाळ्याच्या घाटात रस्त्यासाठी कापलेला कडा बघा. काळाकभिन्न बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, पसरला, थिजला. बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, त्यांत पुढे झिओलाइटसारखी पांढरी खनिजं भरली. हा अग्निज खडक. लाव्हा भरभर निवल्यामुळे कण डोळ्यांना दिसत नाहीत. तोच रस खोल जमिनीत सावकाश निवला असता तर भरड कणांचा गॅब्रो झाला असता. वर्गीकरणाचं निम्मं गणित या कणांत, उरलेलं सिलिकात, म्हणजे वाळूतल्या मुख्य घटकात: बेसॉल्टमध्ये ते कमी, ग्रॅनाइटमध्ये जास्त.

गाळाच्या खडकाचा कारभार थंड डोक्याचा. जुने खडक झिजतात, पाणी गाळ वाहून नेतं, थर दबून घट्ट होतात. कणांच्या आकारावरून वालुकाश्म (वाळूचा) किंवा शेल (बारीक चिखलाचा). शिंपल्यांची चुनखडी, खारं पाणी आटून सैंधव. जीवाश्म शोधायचे तर यातच. बघायचा असेल तर बदामी गाठा, तिथल्या तांबड्या कड्यांत थर स्पष्ट दिसतात.

थर तर सह्याद्रीतही दिसतात, आणि इथेच पोरांची गफलत होते. पण ते लाव्ह्याचे एकावर एक प्रवाह, गाळ नव्हे. पन्हाळ्याच्या माथ्यावरचा जांभा? बेसॉल्टच जागच्या जागी कुजून झालेला. तो दोन्ही रकान्यांत धड बसत नाही.