केळीचा खांब की पऱ्हाटी? कागदासाठी झाड कशाला तोडायचं

आपल्या जळगाव भागात दोन गोष्टींचा कचरा ढिगाने निघतो, केळीचे खांब आणि कापसाची पऱ्हाटी (वेचणीनंतर उरलेली वाळकी झाडं), आणि दोन्हीपासून कागद बनतो, मग लाकूडच कशाला पाहिजे हा प्रश्न मला रावेरकडे बांधावर सडत पडलेले खांब पाहिले की दरवेळी पडतो.

खांबाचं म्हणाल तर घड एकदाच येतो, कापला की खांबाचं काम संपलं, खाली पील, म्हणजे बुडातून फुटलेलं नवं रोप, वाढतंच असतं. धागा लांब आणि चिवट, लिग्निन (धागे एकमेकांना चिकटवून धरणारा घटक) लाकडापेक्षा कमी, म्हणून तो शिजवायला कॉस्टिक सोडा कमी लागतो. पण खांबात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी! ट्रॉली भरून नेली तर भाडं पाण्याचंच भरायचं, शिवाय दोन दिवसांत वास मारायला लागतो, आणि तो चीक शर्टाला लागला की डाग कायमचा, घरी बोलणी खायची ती वेगळीच. म्हणजे धागा काढायचं मशीन शेताजवळच पाहिजे.

पऱ्हाटी कोरडी, मोळी बांधून महिनाभर ठेवा, काही होत नाही. पण लिग्निन जवळपास लाकडाएवढंच, त्यामुळे केमिकलचा खर्च तेवढाच, धागाही आखूड. एक फायदा मात्र जबरी, वेळेत उपटून हलवली तर गुलाबी बोंडअळीचा मुक्काम हलतो. आता बरीचशी चुलीत नाहीतर शेतातच पेटवतात.

वह्या, पॅकिंगसाठी पऱ्हाटी चालेल. लग्नपत्रिका, फाईल असला हातकागद करायचा तर मी डोळे झाकून केळी घेईन, फक्त मशीन बांधावर आणा.