जास्वंदीची पानं पिवळी: नत्र कमी की लोह?

कुंडीतली जास्वंद कळ्यांनी लगडली, पानं पिवळी पडली, की आपण सरळ खत ओततो. आधी पिवळं पान कुठलं ते बघा.

खालची जुनी पानं शिरांसकट पिवळी होऊन गळतायत? नत्र कमी. झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या वाढीला देतं. मूठभर गांडूळखत घाला.

शेंड्याची कोवळी पानं पिवळी, पण शिरा हिरव्यागार? मग लोह. ते जुन्या पानांतून सहज हलत नाही. बरेचदा मातीत लोह असतंच. बोअरच्या जड पाण्यानं माती अल्कधर्मी झाली की मुळांना ते मिळत नाही. इथे चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची फवारणी, तीही संध्याकाळी. गंजका खिळा पुरायचा उपाय माझ्या मते फुकट.

कुंडीतली माती बोटाला चिकट ओली लागली तर मात्र दोन्ही राहू द्या, आधी पाणी थांबवा.