कॅलिफोर्नियात मॅरेज लायसन्स काढायचंय? आधी नावाचा रकाना नीट वाचा

रेटिंग: ५ पैकी ४

काउंटीचं (म्हणजे इथल्या जिल्ह्याचं) नाव मुद्दाम लिहीत नाहीये, बे एरियातली म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासची एक काउंटी एवढंच धरा. एक स्टार का कापला ते खाली येईलच. या क्लर्क रेकॉर्डर ऑफिसात, म्हणजे लग्नाचं लायसन्स आणि नोंद जिथे होते तिथे, मी दोनदा गेले, एकदा स्वतःच्या लग्नासाठी आणि मागच्या महिन्यात मैत्रिणीची साक्षीदार म्हणून, आणि तेव्हापासून ग्रुपवर किमान सहा जणींनी मला तेच तेच विचारलंय, म्हणून म्हटलं एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकू.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा कारण आपल्या लोकांची इथेच गफलत होते. आपल्याकडे आधी लग्न लागतं, मग लग्नपत्रिका, फोटो, तीन साक्षीदार आणि भटजींची सही घेऊन नगरपालिकेत किंवा वॉर्ड ऑफिसात जाऊन नोंदणी करायची. इथे उलटं आहे, आधी लायसन्स म्हणजे लग्न करायची परवानगी, मग लग्न, मग तोच कागद सह्या होऊन परत ऑफिसात जातो आणि रेकॉर्डवर चढतो. त्यामुळे सातारला धूमधडाक्यात लग्न करून आलात आणि इथल्या काउंटीत म्हणालात की नोंद करून द्या तर ते करत नाहीत, त्यासाठी तिकडचंच सर्टिफिकेट लागतं. आणि इथून लायसन्स घेऊन गेलात आणि सातारच्या मांडवात त्यावर सह्या घेतल्या तर तेही चालत नाही, लग्न कॅलिफोर्नियातच लागायला हवं. राज्यात मात्र कुठेही लावा, काउंटीची अट नाही. आणि लायसन्स मिळाल्यापासून ९० दिवस चालतं.

इथे वेटिंग पिरियड नाही, सकाळी लायसन्स घेऊन दुपारी लग्न लावता येतं. एडिसनला राहणाऱ्या माझ्या दिराचं ऐकून मी उगाच घाबरले होते, न्यू जर्सीत काउंटी नाही तर टाउनशिपच्या रजिस्ट्रारकडे अर्ज द्यावा लागतो, अर्ज देतानाच साक्षीदार लागतो आणि वर ७२ तास थांबावं लागतं. टेक्सासलाही ७२ तासच आहेत. तर भावाबहिणींचा सल्ला ऐकताना ते कुठल्या राज्यात राहतात ते आधी विचारा!

अर्ज घरूनच ऑनलाइन भरला, अपॉइंटमेंट घेतली आणि मग दोघांनी एकत्र जाऊन समोर उभं राहायचं. दोघंही हजर लागतात. आम्ही पासपोर्ट नेले. व्हिसा कुठला, किती दिवस राहताय, इथले रहिवासी आहात का हे काही विचारलं नाही, लायसन्ससाठी तशी अटच नाही. ब्लड टेस्ट वगैरे जुन्या गोष्टी आहेत, त्या केव्हाच गेल्या. आधी लग्न झालेलं असेल तर ते नेमकं कुठल्या तारखेला संपलं ती तारीख लागते, अंदाजे चालत नाही, घटस्फोट झाला असेल तर कोर्टाच्या डिक्रीची प्रत सोबत ठेवा. फी प्रत्येक काउंटीची वेगळी आहे, आम्हाला शंभर डॉलरच्या आत पडलं.

खिडकीवरची बाई अतिशय चांगली होती. आमची नावं तिने एकेक अक्षर उच्चारून टाइप केली, मग स्क्रीन आमच्याकडे वळवून म्हणाली, घाई करू नका, दोनदा वाचा, प्रिंट झाल्यावर एक अक्षर बदलायलाही त्रास होतो. मग आम्ही बोट ठेवून ठेवून वाचलं. शेवटी उजवा हात वर करून दिलेली माहिती खरी आहे अशी शपथ घ्यायला लावली, तेव्हा मात्र पोटात कालवलं, कारण तोपर्यंत आपण फक्त एक फॉर्म भरतोय असंच वाटत होतं.

फॉर्ममध्ये आईवडिलांची जन्माच्या वेळची पूर्ण नावं आणि जन्माचा देश विचारतात. वडिलांचं सोपं आहे. आईचं म्हणजे माहेरचं नाव, आणि आपल्याकडे कितीतरी बायकांचं लग्नात पहिलं नावही बदललेलं असतं. माझ्या सासूबाईंचं बदललं होतं. नवऱ्याला माहेरचं आडनाव पाठ होतं पण लग्नाआधी त्यांना काय म्हणायचे हे नक्की माहीत नव्हतं, आदल्या रात्री फोन केला तेव्हा त्या आधी हसल्या आणि मग थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत, आणि मग त्यांनी ते नाव सांगितलं. आज आमच्या सर्टिफिकेटवर ते नाव छापलेलं आहे, त्यांच्या आधारवर नाही, पासपोर्टवर नाही, कुठेच नाही, फक्त आमच्या या कागदावर आहे. तुम्हीही आधीच विचारून ठेवा, खिडकीसमोर उभं राहून फोन लावायला जाल तर भारतात मध्यरात्र असते.

आता नावाचा रकाना. माझी खरी तक्रार इथे आहे.

आपल्या पासपोर्टवर दोनच रकाने असतात, आडनाव आणि गिव्हन नेम. बाबांचं नाव माझ्या नावाला चिकटून गिव्हन नेममध्येच आलेलं आहे. यांच्या फॉर्मवर तीन रकाने आहेत, फर्स्ट, मिडल, लास्ट. मग बाबांचं नाव फर्स्टमध्ये टाकायचं की मिडलमध्ये हे आपणच ठरवायचं. हे घरून ठरवून जा आणि तुमच्या सोशल सिक्युरिटी कार्डावर आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर जसं आहे तसंच ठेवा, नाहीतर पुढे प्रत्येक ठिकाणी तुमची दोन माणसं होतात.

त्याखाली लग्नानंतरच्या नावाचा रकाना. कॅलिफोर्नियात नेम इक्वॅलिटी ॲक्ट २००७ चा आहे, २००९ पासून लागू आहे, आणि त्यामुळे नवरा किंवा बायको दोघांपैकी कोणीही लायसन्सच्या अर्जावरच नवीन नाव घेऊ शकतं. कायदा चांगलाच आहे. पण त्यात काय घेता येतं ते ठरलेलं आहे. पहिलं नाव बदलता येत नाही. आडनाव म्हणून जोडीदाराचं आडनाव, दोघांपैकी कोणाचंही जन्माचं आडनाव, किंवा दोन्ही जोडून केलेलं आडनाव चालतं. मधलं नाव म्हणून दोघांपैकी कोणाचं तरी आडनाव, किंवा मधलं नाव आणि आडनाव हायफनने जोडून. संपलं. नवऱ्याचं पहिलं नाव आपलं मधलं नाव म्हणून घ्यायचं, म्हणजे आपल्याकडे घराघरात पिढ्यानपिढ्या जे चालत आलंय, ते या यादीत बसतच नाही!

मला हे खिडकीवर कळलं. मी सरळ बाबांचं नाव काढून तिथे नवऱ्याचं नाव लिहिलं होतं, आजीची तशी फार इच्छा होती आणि मलाही ते हवं होतं. बाई म्हणाली हे नाही होणार, मग तिने आतून सुपरवायझरला बोलावलं, त्यांनी छापील कागद दाखवला, ते दोघंही समजुतीने बोलले पण नियम तो नियम. मग म्हणाले आत्ता ठरवा, कारण एकदा लायसन्सवर लग्न लागलं की नंतर सर्टिफिकेटमध्ये नवीन नाव घालून मिळत नाही, त्यासाठी कोर्टात अर्ज, चारशे डॉलरच्या वर फी आणि साधारणपणे वर्तमानपत्रात नोटीस, थोडक्यात आपल्या गॅझेटसारखं पण जास्त महागडं. मागे रांग होती. आयुष्यभराचं नाव पाच मिनिटांत ठरवायचं होतं. मी काही न बदलता जुनं नाव तसंच ठेवलं आणि आज मला त्याचं वाईट वाटत नाही, पण तो निर्णय मी घरी बसून, आजीशी बोलून घ्यायला हवा होता. ऑनलाइन अर्जात त्या रकान्याशेजारी दोन ओळी लिहिल्या असत्या तरी पुरलं असतं. एक स्टार त्याचा कापला.

लायसन्स पब्लिक हवं की कॉन्फिडेन्शियल (गोपनीय) हा प्रश्नही विचारतात. पब्लिकला लग्नाच्या वेळी किमान एक साक्षीदार सही करायला लागतो, जास्तीत जास्त दोघांची सही बसते. कॉन्फिडेन्शियलला साक्षीदार लागत नाही पण तुम्ही आधीपासून नवरा-बायकोसारखे एकत्र राहताय असं लिहून द्यावं लागतं, आणि ते रेकॉर्ड बंद असतं, नक्कल फक्त तुम्हा दोघांना मिळते, बाकी कोणाला कोर्टाच्या ऑर्डरशिवाय नाही. आम्ही एकत्र राहत नव्हतो, त्यामुळे आमच्यासाठी प्रश्नच नव्हता.

लग्न आमचं मे महिन्यात घराच्या मागच्या अंगणात लागलं, गुरुजींनी लावलं, कुठल्याही धर्माचा अधिकृत पुरोहित चालतो. तुमच्या मित्राने लावावं असं वाटत असेल तर बऱ्याच काउंट्यांत त्याला एका दिवसापुरतं डेप्युटी कमिशनर, म्हणजे लग्न लावायचा अधिकार असलेला माणूस, करून घेता येतं, मला हे फार गोड वाटलं. आमची तारीख ६ मे. गुरुजींनी सवयीप्रमाणे आधी दिवस मग महिना असं ०६/०५ लिहिलं, म्हणजे इथल्या हिशोबाने ५ जून, ती तारीख अजून यायची होती. त्यांच्याच लक्षात आलं आणि त्यांनी त्यावरच पेन गिरवून आकडे बदलले. दोन आठवड्यांनी लायसन्स परत! खाडाखोड चालत नाही, गिरवलेलं चालत नाही, व्हाइटनर तर अजिबात नाही. मग डुप्लिकेट लायसन्स काढा, त्याची वेगळी फी, गुरुजींची पुन्हा सही, आणि साक्षीदार असलेली मावशी तोवर सॅन डिएगोला परत गेलेली, तिला कुरिअर. दहा दिवसांत लायसन्स परत पोचवायची जबाबदारी लग्न लावणाऱ्याची असते, पण मंगलाष्टकं संपल्यावर गुरुजींच्या शेजारी बसा, महिन्याचं नाव अक्षरात लिहिलं तरी चालतं का ते आधी ऑफिसला विचारून ठेवा, आणि काळ्या शाईचं पेन स्वतः द्या.

मैत्रिणीने ऑफिसातल्याच छोट्या खोलीत सिव्हिल सेरेमनी केली, वेगळी अपॉइंटमेंट आणि वेगळी फी. दहा मिनिटंही लागली नसतील. तिने अबोलीचा गजरा माळला होता, तिच्या बाबांना व्हिडिओ कॉलवर धरून मी एका हाताने फोन आणि दुसऱ्या हाताने सही, अशी साक्षीदार झाले. लग्न लावणाऱ्या बाईंनी नावं आधी दोनदा म्हणून बघितली आणि मगच सुरुवात केली.

आता सर्टिफिकेट. ते आपोआप घरी येत नाही!! कितीतरी जण महिनोन् महिने पोस्टाची वाट बघत बसतात. लायसन्स रेकॉर्डवर चढलं की मग प्रमाणित नक्कल वेगळी मागवायची, दर नकलेचे पैसे. नक्कल दोन प्रकारची असते, ऑथराइज्ड आणि इन्फर्मेशनल, त्यातली ऑथराइज्ड मागा. इन्फर्मेशनलवर छापलेलंच असतं की ओळख सिद्ध करायला हे चालणार नाही. खिडकीवर स्वतः गेलात तर तिथेच शपथेच्या फॉर्मवर सही करून मिळते, पोस्टाने मागवलीत तर तो फॉर्म नोटरी करून जोडावा लागतो. आणि लायसन्स जिथून काढलं त्याच काउंटीकडे मागा, लग्न जिथे लागलं तिथे नाही, मैत्रिणीची बहीण यात चुकून दुसऱ्याच काउंटीत रांगेत उभी राहिली होती. हातात आलं तेव्हा कडेची छपाई नोटेसारखी, अंगठा फिरवला की खरखरीत लागते, फोटोकॉपीत ती येत नाही.

तीन नकला घ्या. एक घरी, एक कुठे मागितली तर द्यायला, आणि एक अपोस्टिलसाठी, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून लागणाऱ्या सरकारी प्रमाणपत्रासाठी. भारतात हे सर्टिफिकेट दाखवायचं असेल तर अपोस्टिल विचारतात, ते काउंटी देत नाही, कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट या राज्य सरकारच्या ऑफिसकडून घ्यायचं, सॅक्रामेंटोला पोस्टाने, नाहीतर सॅक्रामेंटो किंवा लॉस एंजेलिसच्या काउंटरवर. एका कागदाचे २० डॉलर, समक्ष गेलात तर वर ६ डॉलर. अर्जात कुठल्या देशासाठी हवंय ते लिहावं लागतं, आणि पोस्टाने पाठवत असाल तर परतीचं पाकीट स्टँप लावून स्वतःचा पत्ता घालून आत ठेवा. मी पहिल्यांदा ठेवायला विसरले आणि पोस्ट ऑफिसच्या दारातून परत फिरले.